पलाव्हर आणि पंचाईत

बोलणे या एकाच क्रियेसाठी इंग्रजी भाषेने किती शब्द जमवून ठेवले आहेत! दोन विचारवंत समोरासमोर बसून मतांची देवघेव करू लागले की तो 'डायलॉग'. दिवाणखान्यात चहाच्या पेल्यांबरोबर चालते ते 'कॉन्व्हर्सेशन'. कुंपणावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत होते ते 'चॅट'. आणि दोन सैन्यांच्या मध्ये पांढरे निशाण धरून होते ते 'पार्ले'. या पंक्तीत अगदी शेवटच्या पाटावर 'पलाव्हर' नावाचा एक शब्द बसलेला असतो. इंग्रजी शिकलेल्या मराठी वाचकाला तो एखाद्या कादंबरीत किंवा प्रवासवर्णनात भेटतो. 'बडबड' असा काहीसा अर्थ संदर्भावरून लावून वाचक पुढे जातो, आणि बहुतेक वेळा त्याचे काही बिघडत नाही.

कोश उघडून पाहिला म्हणजे मात्र तो गोंधळतो. पलाव्हर म्हणजे दोन पक्षांची औपचारिक बैठक, असा एक अर्थ तेथे असतो. पलाव्हर म्हणजे निरर्थक, लांबलचक बोलणे, हा दुसरा. गोड बोलून एखाद्याला वश करणे, हा तिसरा. आणि क्षुल्लक गोष्टीसाठी करावा लागणारा त्रासदायक खटाटोप, हा चौथा. बैठक, बडबड, खुशामत आणि खटाटोप हे चार अर्थ एका शब्दाच्या पोटात कसे शिरले? त्याचे उत्तर व्याकरणात सापडत नाही. ते पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, पोर्तुगीज आणि इंग्रज गलबतांच्या नांगरांपाशी सापडते.

तथापि शब्दाचे मूळ त्याहूनही दूर, ग्रीक भाषेत आहे. 'पारा' म्हणजे बाजूला आणि 'बॉलेन' म्हणजे टाकणे. या दोहोंपासून 'पाराबोली' हा शब्द झाला. एक वस्तू दुसरीच्या शेजारी ठेवणे, म्हणजेच तुलना. तुलनेवरून दृष्टान्त, आणि म्हणून ख्रिस्ताने सांगितलेल्या दृष्टान्तकथांना हाच शब्द लागला. भूमितीत ज्या वक्राला मराठी पाठ्यपुस्तके 'अन्वस्त' म्हणतात त्याचेही नाव हेच. लॅटिन भाषेत हा शब्द 'पाराबोला' होऊन आला आणि तेथे एक विलक्षण गोष्ट घडली. सामान्य लोकांच्या बोलीत त्याने 'शब्द' या अर्थाच्या जुन्या 'व्हर्बुम' या पदाला बाजूस सारले आणि त्याची जागा घेतली. 'व्हर्बुम' हे पद ख्रिस्ती धर्मात ईश्वरी शब्दाला वाहिले गेले होते, म्हणून रोजच्या व्यवहारात ते उच्चारण्याचा लोकांना संकोच वाटू लागला, असे त्याचे कारण काही अभ्यासक देतात. कारण काही असो. फ्रेंचांचा 'पारोल', इटालियनांचा 'पारोला', स्पॅनिशांचा 'पालाब्रा' आणि पोर्तुगीजांचा 'पालाव्रा' ही सारी या एकाच पाराबोलाची लेकरे. सर्वांचा अर्थ साधा : शब्द. स्पॅनिश आणि पोर्तुगीज रूपांत 'र' आणि 'ल' यांनी आपापल्या जागा बदलल्या आहेत. वाराणसीचे बनारस होताना 'र' आणि 'ण' यांनी हेच केले, आणि नुकसानाला 'नुसकान' म्हणणारा शेतकरीही याच नियमाने चालतो.

फ्रेंच मार्गाने या घराण्यातील आणखी काही मंडळी इंग्रजीत गेली आणि त्यांचे नशीब उघडले. मठात जेथे बोलण्याची मुभा असे ती खोली 'पार्लर' झाली. आज तो शब्द केशभूषेच्या दुकानांवर झळकतो, ही गोष्ट निराळी. कैद्याने परत येण्याचा दिलेला शब्द 'पॅरोल' झाला आणि मराठी वृत्तपत्रांनी तो जसाच्या तसा उचलला. शत्रूशी बोलणी 'पार्ले' झाली. आणि जेथे राज्याचा कारभार बोलून चालवावयाचा ते सभागृह 'पार्लमेंट' झाले. पलाव्हर हा पार्लमेंटचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ खराच. एकाच्या वाट्याला राजदंड आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला कुचेष्टा, असे का व्हावे?

पंधराव्या शतकात पोर्तुगीज खलाशी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकू लागले. १४३४ मध्ये त्यांनी बोजादोरचे भूशिर ओलांडले, १४७१ च्या सुमारास ते आजच्या घानाच्या किनाऱ्यावर पोचले आणि तेथे सोन्याचा व्यापार पाहून थक्क झाले. व्यापारासाठी बोलणे आवश्यक, आणि त्या किनाऱ्यावर भाषा तर अनेक. म्हणून मोडक्यातोडक्या पोर्तुगीजची एक बाजारबोली तयार झाली. ती इतकी रुजली, की पुढे डच, इंग्रज आणि फ्रेंच व्यापारी आले तेव्हा त्यांनाही तेथील दलालांशी त्याच बोलीचे तुकडे जोडून व्यवहार करावा लागला. त्या बोलीत स्थानिक सरदाराशी बसून बोलणे, म्हणजे जकात ठरविणे, भेटी देणे, भांडण मिटविणे, या साऱ्याला एकच नाव होते : पालाव्रा.

अशा बोलण्याचा एक प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे. १४८२ च्या जानेवारीत दिओगो द आझाम्बुजा हा पोर्तुगीज सरदार एल्मिना येथे जहाजांतून बांधकामाची सामग्री घेऊन उतरला. त्याला तेथे किल्ला बांधावयाचा होता. तेथील प्रमुख, ज्याला पोर्तुगीज इतिहासकार कारामान्सा म्हणतात, आपल्या माणसांसह वाजतगाजत भेटीला आला. आझाम्बुजाने मैत्रीच्या गोष्टी केल्या आणि जागा मागितली. कारामान्साने दिलेले उत्तर झ्वांव द बार्रुश या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. त्याचा आशय असा : मित्र अधूनमधून भेटतात तोवर स्नेह टिकतो, शेजारी राहू लागले की तो आटतो, समुद्र आणि खडक शेजारी असतात, म्हणून तर लाटा त्यावर सतत आपटत असतात, तेव्हा पूर्वीप्रमाणे जहाजे येत राहावीत आणि जात राहावीत, हेच बरे. हे भाषण पोर्तुगीजाने लिहिलेले आहे, त्यातले अलंकार कोणाचे हे सांगणे कठीण. परंतु जागा देण्यास नकार, तोही पाहुण्याचा मान राखून, कसा द्यावा याचा तो नमुना आहे. अखेर दबावापुढे कारामान्साने संमती दिली. पाथरवटांनी स्थानिकांच्या पूज्य खडकाला हात घालताच मारामारी झाली, ती भेटवस्तू देऊन शमविण्यात आली, आणि किल्ला उभा राहिला. आजही तो उभा आहे. पुढे त्यातून सोन्यापेक्षा माणसांचाच व्यापार अधिक झाला.

ज्या पोर्तुगीजांनी हा शब्द आफ्रिकेत नेला तेच १४९८ मध्ये कालिकतला आणि १५१० मध्ये गोव्याला आले. त्यांच्या संगतीने मराठीत पाव आला, बटाटा आला, काजू आणि अननस आले. चावी, फीत, घमेले आले. लिलाव आणि पाद्री आले. पालाव्रा मात्र मराठीने घेतला नाही. वस्तू नवी असली की तिचे नाव तिच्याबरोबर उतरते. परंतु बोलाचाली, तह, करार यांसाठी येथे शब्दांची वाण नव्हती. फारसीने ती भरपूर पुरविली होती. आफ्रिकेतही लोकांना बसून बोलण्यासाठी आपले शब्द होते, आणि ते पुष्कळ होते. पण किनाऱ्यावरच्या व्यापारात सर्वांना कळेल असा एक लागत होता, तो परक्यांच्या भाषेतून आला.

इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसू लागतो, आणि तोही खलाशांच्या तोंडी. त्याच किनाऱ्यावरून 'फेटिश' आणि 'पिकनिनी' हे पोर्तुगीज मुळाचे शब्द इंग्रजांनी उचलले. प्रारंभी पलाव्हरचा अर्थ सरळ होता : किनाऱ्यावरील प्रमुखांशी होणारी बैठक. गोल्ड कोस्टवरील इंग्रजांच्या मुख्य ठाण्यात, केप कोस्टच्या किल्ल्यात, एका दालनाला 'पलाव्हर हॉल' असेच नाव होते. ज्या दालनात बोलणी होत त्याच्याखाली, तळघरात, विकावयाची माणसे कोंडलेली असत. शब्दाला पुढे आलेला कडवटपणा कोठून आला याचा विचार करताना हा इमारतीचा नकाशा विसरून चालत नाही.

या शब्दामागची संस्था प्रत्यक्ष कशी होती, हे सांगणारा उत्तम साक्षीदार म्हणजे मंगो पार्क. हा तरुण स्कॉटिश शस्त्रवैद्य १७९५ मध्ये नायजर नदीचा शोध घेण्यासाठी गांबियात उतरला, १७९६ मध्ये सेगू येथे ती नदी त्याने डोळ्यांनी पाहिली आणि १७९९ मध्ये त्याचा प्रवासग्रंथ प्रसिद्ध झाला. मांदिंगो लोकांच्या प्रत्येक मोठ्या गावात 'बेंटांग' नावाचे एक व्यासपीठ असते, असे तो सांगतो. वेताकामट्या विणून केलेले, एखाद्या मोठ्या झाडाच्या सावलीत उभारलेले. गावचे सर्व सार्वजनिक काम तेथे चालते, खटले तेथे चालतात, आणि गावातली आळशी मंडळी तंबाखू ओढीत दिवसाच्या बातम्या ऐकावयाला तेथेच जमतात. वडाखालचा पार आणि गावची चावडी एकत्र केली तर मराठी माणसाला बेंटांग कसा असेल ते डोळ्यांपुढे येईल. या बैठकांना पार्क पलाव्हर म्हणतो. तेथे वादी आणि प्रतिवादी उघडपणे बोलतात, साक्षी होतात, वयोवृद्ध मंडळी निर्णय देतात. मुसलमानी कायदा जाणणारे धंदेवाईक वकीलही तेथे त्याला आढळले. खटला लांबवावयाचा आणि सरळ गोष्टीचा गुंता करावयाचा, या कलेत युरोपातील निष्णात वकीलही त्यांच्यापुढे नेहमीच सरस ठरत नाहीत, असा शेराही तो मारून जातो.

पार्कने सांगितलेला एक खटला येथे सांगण्याजोगा आहे. पिसानिया गावात एका सेराहुली गृहस्थाचे गाढव एका मांदिंगो शेतकऱ्याच्या धान्यात शिरले आणि त्याने पुष्कळ पीक फस्त केले. शेतकऱ्याने गाढवाला शेतातच पकडले आणि सुरी काढून त्याचा गळा चिरला. गाढवाच्या मालकाने पलाव्हर बोलाविली आणि भरपाई मागितली. गाढव फार मोलाचे होते, असे त्याचे म्हणणे. शेतकऱ्याने मारल्याचे कबूल केले, पण गाढवाची जी किंमत सांगितली जाते तेवढेच आपले पीक बुडाले, तेव्हा फिटंफाट झाली, असा बचाव मांडला. आता पिकाची नुकसानी खरोखर किती, एवढाच प्रश्न उरला. परंतु दोन्हीकडच्या विद्वान वकिलांनी त्या एका प्रश्नाचा असा काही पिंजून कापूस केला, की तीन दिवस ऐकून न्यायसभा काहीच न ठरविता उठली. दुसरी पलाव्हर भरवावी लागली असेल, असे पार्कला वाटते.

या कथेत पार्क हसतो, हे खरे. पण त्याचे हसणे वकिलांना आहे आणि ते आपल्या देशच्या वकिलांनाही तितकेच आहे. संस्थेला तो हसत नाही. कबुली, प्रतिदावा, वादाचा मुद्दा हे सारे त्याला ओळखीचे वाटते. पलाव्हर बोलाविली म्हणजे युरोपीय भाषेत दावा लावला, असा खुलासाही तो करतो. पलाव्हर या शब्दाला इंग्रजी गद्यात मिळालेली ही कदाचित सर्वांत न्याय्य वागणूक होय.

इतरांनी ती दिली नाही. सामान्य खलाशाला किंवा दलालाला ते बोलणे कंटाळवाणे वाटे. त्याला माल हवा असे आणि भरतीची वेळ साधावयाची असे. समोरच्या प्रमुखाला मात्र जकात, नजराणा, मागच्या वर्षीचे येणे आणि वडिलांच्या काळचा मान, हे सगळे आधी बोलावयाचे असे. भाषा न कळणाऱ्या कानाला दुसऱ्याचा युक्तिवाद नेहमीच बडबड वाटतो. १७४८ च्या सुमारास पलाव्हरचा 'पोकळ बोलणे' हा अर्थ इंग्रजीत रूढ झालेला दिसतो, म्हणजे बैठकीचा अर्थ येऊन पंधरावीस वर्षेही लोटली नव्हती. काम साधण्यासाठी समोरच्याची स्तुती करावी लागे, त्यावरून खुशामतीचा अर्थ निघाला. आणि प्रत्येक लहान गोष्टीसाठी एवढे सोपस्कार करावे लागतात, या वैतागातून चौथा अर्थ आला. आज इंग्लंडमध्ये हा चौथाच सर्वांत अधिक ऐकू येतो. बँकेत खाते उघडताना दहा कागदांवर सह्या कराव्या लागल्या, की तेथील माणूस 'काय ही पलाव्हर' अशा अर्थाचे उद्गार काढतो. तेथे बोलण्याचा अंशही उरलेला नसतो.

पार्ले आणि पलाव्हर यांतला फरक येथे स्पष्ट होतो. बसून बोलणी करणे, हे कृत्य दोहोंत एकच. बरोबरीच्या शत्रूशी केली तर तिला इंग्रजीने पार्ले म्हटले. ज्यांना बरोबरीचे मानले नाही त्यांच्याशी केली तर पलाव्हर. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेल्या 'पॉव-वॉव' या शब्दाचे हेच झाले. विनोदाने का होईना, इंग्रज अधिकारी आपल्याच सभांना तो लावू लागले. आणि कधी कधी हा शब्द आपल्या चुलत भावावरही उलटला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टॉमस कार्लाइल या स्कॉटिश लेखकाने लोकशाहीवरील रागाच्या भरात ब्रिटिश पार्लमेंटलाच 'नॅशनल पलाव्हर' अशी पदवी बहाल केली. कार्लाइलला वीरपुरुष प्रिय होते आणि चर्चा करणारी सभागृहे अप्रिय. शिवी देण्यासाठी त्याने शब्द शोधला तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा, आणि लावला तो अशा संस्थेला जिचे नाव त्याच धातूपासून निघालेले.

आता किनाऱ्याची दुसरी बाजू. ज्यांच्या बैठकांना हे नाव दिले गेले त्या आफ्रिकी लोकांनी ते टाकून दिले नाही, आपलेसे केले. आजच्या नायजेरियातील जुन्या कालाबार येथे अंतेरा ड्यूक नावाचा एक एफिक व्यापारी होऊन गेला. १७८५ ते १७८८ या वर्षांतील त्याच्या रोजनिशीचा काही भाग उपलब्ध आहे, आणि तो त्याने व्यापाऱ्यांकडून कानांनी शिकलेल्या इंग्रजीत लिहिला आहे. तो स्वतः गुलामांचा व्यापार करी, तेव्हा त्याला साधुपुरुष ठरविण्याचे कारण नाही. पण त्याच्या रोजनिशीत 'पलाव्हर हाउस' वारंवार येते, आणि ते निव्वळ कामाचे ठिकाण म्हणून येते : आज सर्व जण तेथे जमलो, अमुक वाद ऐकला, अमुक दंड ठरला. उपहासाचा लवलेश तेथे नाही. इंग्रजीत शब्दाची अप्रतिष्ठा चालू असतानाच कालाबारला तो न्यायसभेचे नाव होऊन राहिला होता.

नायजेरिया, कॅमेरून, घाना, सिएरा लिओन येथील बोलींत आज 'पलावा' म्हणजे तंटा, भानगड, उपस्थित झालेला प्रश्न. जमिनीची पलावा असते, सासरमाहेरची पलावा असते. त्या भागात पालेभाजीच्या एका दाट कालवणालाही पलावा म्हणतात. नाव का पडले याच्या आख्यायिका तितक्याच दाट आहेत. बैठकीचे नाव तंट्याला लागले, याचे कारण उघड आहे. बैठक तंट्यासाठीच बसते.

फ्रेंचांनी आपल्या वसाहतींत हाच शब्द 'पालाब्र' या रूपाने नेला, आणि गावकरी ज्या झाडाखाली जमतात त्याला 'पालाब्रचे झाड' असे नाव दिले. मालीमधील डोगोन लोकांच्या गावात अशा बैठकीसाठी खास इमारत असते. तिला तोगुना म्हणतात. बाजूंनी उघडी, वर ज्वारीबाजरीच्या ताटांचे जाडजूड छप्पर, आणि ते इतके ठेंगणे की आत कोणालाही ताठ उभे राहता येऊ नये. वाद विकोपाला गेला आणि कोणी संतापाने उठू लागला, तर त्याचे डोके छपराला लागते आणि तो मुकाट्याने खाली बसतो. सभाध्यक्षाच्या घंटेपेक्षा ही योजना अधिक परिणामकारक असावी.

लायबेरियात तर या शब्दाला राज्यकारभारात स्थान मिळाले. खेड्यातील गोल, उघड्या भिंतींच्या, गवती छपराच्या बैठकघराला तेथे 'पलावा हट' म्हणतात. १९८९ ते २००३ या काळात, मध्ये थोडी उसंत घेऊन, त्या देशात दोन यादवी युद्धे झाली. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची घरे लुटली आणि जाळली. पुढे तीच माणसे पुन्हा एका गावात राहू लागली. सत्य आणि समेट आयोगाने २००९ च्या आपल्या अंतिम अहवालात राष्ट्रव्यापी पलावा हट योजनेची शिफारस केली. भीषण गुन्ह्यांसाठी न्यायालयच हवे. परंतु त्याखालच्या दर्जाच्या अपराधांत अपराध्याने गावासमोर बसावे, केले ते सांगावे आणि क्षमा मागावी, गावाने त्याला परत घेण्याच्या अटी ठरवाव्यात, अशी ती कल्पना. अशा बैठकीत बोलणे लांबते. ते लांबू देणे हाच तिचा हेतू असतो, कारण ज्याचे घर जळले त्याला ते सर्वांदेखत पूर्ण सांगावयाचे असते.

एवढा सारा प्रवास करून आलेला शब्द मराठीत आणावयाचा कसा, हा प्रश्न भाषांतरकारापुढे उरतोच. ध्वनीने जवळचा म्हणून 'पाल्हाळ' चटकन सुचतो. पण ते साम्य योगायोगाचे. पाल्हाळ आपल्या घरचा शब्द आहे आणि तो एकट्या माणसाचाही असू शकतो. एखादा कीर्तनकार एकटाच पाल्हाळ लावतो. पलाव्हरला किमान दोन पक्ष लागतात. चर्चेचे 'गुऱ्हाळ' हा शब्द त्या मानाने बरा आहे. त्यात माणसे आहेत, वेळ आहे, रटाळपणा आहे. परंतु त्यात न्याय नाही. 'वाटाघाट' म्हणावे तर तो फार प्रतिष्ठित आहे. सरकारी पत्रकात शोभेल, वैतागलेल्या माणसाच्या तोंडी शोभणार नाही. 'चऱ्हाट' म्हणावे तर बैठकीचा अर्थ पार निसटतो.

या सर्वांपेक्षा नेमका बसणारा शब्द मराठी माणूस दिवसातून चारदा वापरतो, आणि वापरीत असल्याचे त्याच्या ध्यानातही येत नाही. तो म्हणजे पंचाईत. पाच पंचांची सभा ती पंचायत. तिचेच बोलीतले रूप पंचाईत. आणि 'मोठी पंचाईत झाली' म्हणजे काय? अडचण उभी राहिली, गुंता झाला. 'नसत्या पंचायती कशाला?' म्हणजे नको त्या उठाठेवी कशाला? सभेवरून तंटा, तंट्यावरून अडचण आणि अडचणीवरून खटाटोप. पलाव्हर ज्या पायऱ्यांनी खाली उतरली त्याच पायऱ्यांनी पंचायतही उतरली. दोन्ही शब्दांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही, तरी त्यांच्या पाऊलवाटा जुळाव्यात याचे कारण एवढेच, की लोकांनी एकत्र बसून निर्णय घ्यावयाचा म्हटले की वेळ लागतो, आणि ज्याचे काम अडलेले असते त्याला तो सोसत नाही.

तरी दोहोंत एक भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पंचाईतीवर वैतागले ते तिच्यात बसणारे, आपलेच लोक. घरातल्या माणसाने घरातल्या रीतीची केलेली ती कुरकुर आहे. म्हणून कुरकुरीबरोबर मानही टिकला : पंचामुखी परमेश्वर मानणारी भाषा तीच आणि पंचाईत झाली म्हणून कपाळाला हात लावणारीही तीच. पलाव्हरची कुचेष्टा केली ती पाहुण्यांनी, आणि तीही अशा पाहुण्यांनी ज्यांना घरमालकाचे म्हणणे ऐकून घेण्याची सवड नव्हती.

परकी सत्ता आली तेव्हा पंचायतीचीही परीक्षा झाली. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनच्या कारभाराची जबाबदारी माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टनकडे आली. १८१९ च्या आपल्या अहवालात त्याने येथील पंचायतींविषयी सविस्तर लिहिले. पंच वेळेवर जमत नाहीत, त्यांना वेतन नाही आणि जमविण्याचा उपायही नाही, कामे रेंगाळतात, हे दोष त्याने झाकले नाहीत. तरीही लोकांचा तिच्यावर विश्वास आहे, म्हणून दिवाणी वादांत तिलाच मुख्य साधन ठेवावे, असे त्याचे मत पडले. मंगो पार्कप्रमाणे हाही ऐकून घेणारा होता. पुढील काही दशकांत कंपनी सरकारच्या न्यायालयांपुढे ती पंचायत मागे पडली, पण तिचे नाव कोणी विनोदाला लावले नाही. १९५० मध्ये भारताचे संविधान अमलात आले, त्याच्या इंग्रजी पाठातही चाळिसाव्या अनुच्छेदात 'पंचायत' हाच शब्द भाषांतर न करता ठेवलेला आहे. १९५८ मध्ये मुंबई राज्याने केलेला ग्रामपंचायतींचा अधिनियम आज महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे, आणि १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानात पंचायतींचा स्वतंत्र भागच आला. ग्रामपंचायतीच्या कचेरीतून दाखला न मिळाल्यामुळे पंचाईत झाली, असे वाक्य मराठी माणूस सहज बोलून जातो आणि त्यात त्याला काही विचित्र वाटत नाही.

तेव्हा पार्कच्या ग्रंथातील गाढवाच्या मालकाने 'पंचायत बोलाविली' असे भाषांतरकाराने निःशंक लिहावे. अंतेरा ड्यूकच्या पलाव्हर हाउसला 'पंचायतघर' म्हणावे. कार्लाइलचा शब्दप्रयोग 'राष्ट्रीय गुऱ्हाळ' असा घ्यावा, कारण त्याला न्याय अभिप्रेत नव्हता, शिवी अभिप्रेत होती. आणि बँकेच्या कागदांना कंटाळलेल्या आजच्या इंग्रज गृहस्थाच्या तोंडी 'काय ही पंचाईत' हे शब्द घालावेत. खुशामतीच्या अर्थापुरता मात्र हा जोड निरुपयोगी आहे. तेथे पंचाईतीला बाजूला ठेवून गोडीगुलाबीला बोलवावे लागते.